एकच क्लायंट, मोजकी कनेक्शनं: एकाच वेळी शेकडो रिक्वेस्ट पाठवायच्या असतील तर

ऑक्टोबर छाटणी झाली की दिंडोरी-निफाडकडचा द्राक्षवाला पहाटे उठून आधी आभाळाकडे बघतो, मग मोबाइलकडे. त्यातल्या काही मोबाइलवर जाणारा मेसेज आमच्या कोडमधून जातो. नाशकात कॉलेज रोडला दोन खोल्यांचं ऑफिस आहे आमचं. साडेतीन हजार प्लॉट, प्रत्येकाचा हवामान अंदाज बाहेरच्या एका सेवेकडून आणायचा, पानं किती तास ओली राहतील त्याचा हिशेब मांडायचा आणि डाउनी या बुरशीच्या रोगावरची फवारणी आज घ्यायची की थांबायचं ते पाचच्या आत कळवायचं.

एका पहाटे एकही मेसेज गेला नाही. लॉगमध्ये एकच ओळ हजारो वेळा: 'टू मेनी ओपन फाइल्स'. मी तर एकही फाइल उघडली नव्हती. कोड माझाच होता. प्रत्येक प्लॉटसाठी नवा एचटीटीपी क्लायंट (दुसऱ्या सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवणारा लायब्ररीतला ऑब्जेक्ट), आणि साडेतीन हजार टास्क एकदम सोडलेले. टेस्टिंगला पन्नास प्लॉट होते, तेव्हा सगळं सुसाट चाललं होतं.

त्यानंतर ऑफिसात जो नवा येतो त्याला मी हे सगळं तोंडी सांगत आलोय. आता लिहूनच काढतो. उदाहरणं बरीचशी पायथॉनची आहेत, पण गो, जावा, नोड, डॉटनेट काहीही लिहीत असाल तरी खड्डे त्याच जागी आहेत.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- ज्या सेवेला रिक्वेस्ट पाठवणार तिची कागदपत्रं. त्यातून दोन गोष्टी शोधून ठेवा: सेकंदाला किती रिक्वेस्ट चालतात, आणि रिकामं, म्हणजे उघडं पण वापरात नसलेलं, कनेक्शन ते किती सेकंदांनी तोडतात. दुसरी बऱ्याचदा लिहिलेली नसते. सरळ ईमेल करून विचारा.
- तुमच्या लायब्ररीचं, तुम्ही वापरता त्याच आवृत्तीचं डॉक्युमेंटेशन.
- लिनक्स मशीन, त्यावर एसएस (चालू कनेक्शनं दाखवतं), एलएसओएफ (उघड्या फाइली दाखवतं) आणि कर्ल (टर्मिनलमधून रिक्वेस्ट पाठवतं).
- मुद्दाम उशिरा उत्तर देणारा स्वतःचा खोटा सर्व्हर. वीस ओळींत होतो.

१. कनेक्शन म्हणजे नक्की काय खर्च होतो ते बघा

नवं कनेक्शन म्हटलं की टीसीपीच्या ओळखीला (जोडणी लावायला) सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन एक फेरी, एनक्रिप्शनचं टीएलएस १.३ असेल तर त्याला आणखी एक, जुनं १.२ असेल तर दोन. मग कुठे तुमची खरी रिक्वेस्ट निघते. समोरचा सर्व्हर लांब असेल आणि एका फेरीला २०० मिलिसेकंद लागत असतील, तर पहिल्या उत्तराला ६०० ते ८०० मिलिसेकंद जातात. तेच कनेक्शन पुन्हा वापरलं तर २००. कर्लला एकाच होस्टचे दोन पत्ते एकदम द्या आणि व्हर्बोज (सविस्तर माहिती छापणारा पर्याय) चालू ठेवा. दुसऱ्या वेळी जुनं कनेक्शन पुन्हा वापरल्याची ओळ दिसते.

कनेक्शन म्हणजे लिलावाला कांदा नेणारी ट्रॉली समजा. पिंपळगावला किंवा लासलगावला माल न्यायचा तर प्रत्येक खेपेला कोणी नवा ट्रॅक्टर विकत घेत नाही. आहे तीच ट्रॉली खळ्यावर रिकामी करायची आणि पुढची खेप भरायची. एचटीटीपी १.१ मध्ये एका ट्रॉलीत एका वेळी एकाचाच माल. २०१५ साली आलेल्या एचटीटीपी २ मध्ये एकाच कनेक्शनवर अनेक रिक्वेस्ट शेजारीशेजारी चालतात, पण समोरच्याने आणि तुमच्या लायब्ररीने दोघांनीही ते चालू केलेलं असावं लागतं. पायथॉनच्या एचटीटीपीएक्स लायब्ररीमध्ये ते मुळात बंद असतं.

कोडमधल्या प्रत्येक कनेक्शनबद्दल एक प्रश्न विचारत जा: याचा मालक कोण? उघडतं कोण, परत ठेवतं कोण, बंद करतं कोण? उत्तर देता आलं नाही की तिथे गडबड आहे असं समजा.

२. मर्यादा मोजा

लिनक्समध्ये प्रत्येक सॉकेट (कनेक्शनचं आपल्याकडचं टोक) ही एक उघडी फाइल धरली जाते आणि एका प्रोसेसला सहसा १०२४ ची मर्यादा असते. आमची पहाट तिथेच अडकली होती.

सापळा असा की टर्मिनलमध्ये यूलिमिट (ही मर्यादा दाखवणारी कमांड) बघता तो तुमच्या शेलचा आकडा असतो. सिस्टिमडीतून (लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्राम) चालणाऱ्या सर्व्हिसचा वेगळा असू शकतो. खरा आकडा प्रॉक फोल्डरात त्या प्रोसेसच्या नंबराखाली, लिमिट्स नावाच्या फाइलमध्ये मिळतो. तो वाढवता येतो, पण घाई करू नका. आम्ही पहिल्या दिवशी तेच केलं, आणि दुसऱ्या दिवशी हवामानवाल्यांनी आम्हाला ४२९ ('फार रिक्वेस्ट झाल्या' असं सांगणारा एरर कोड) देऊन बाहेर बसवलं. चूक आमचीच होती.

दुसरी मर्यादा पोर्टांची. लिनक्स बाहेर जाणाऱ्या कनेक्शनसाठी सहसा ३२७६८ ते ६०९९९ मधलं पोर्ट देतं, म्हणजे २८,२३२. तुम्ही बंद केलेलं कनेक्शन पुढची ६० सेकंद टाइम-वेट अवस्थेत, म्हणजे पोर्ट अडवून, पडून राहतं. भागाकार केला तर एकाच पत्त्याकडे सेकंदाला साधारण ४७० नवी कनेक्शनं सतत उघड-बंद केलीत की पोर्टं संपतात. एसएस चालवून टाइम-वेटच्या ओळी मोजा. आकडा हजारोंत असेल तर कनेक्शनं पुन्हा वापरली जात नाहीयेत.

३. क्लायंट एका प्रोसेसमध्ये एकदाच बनवा

फंक्शनमध्ये नाही, लूपमध्ये तर नाहीच. अॅप सुरू होताना बनवा, अॅप संपताना बंद करा, मधे सगळ्यांना तोच द्या. पायथॉनच्या रिक्वेस्ट्समध्ये सरळ 'रिक्वेस्ट्स डॉट गेट' म्हटलं की दर वेळी नवं सेशन बनतं आणि फेकलं जातं. शिकवण्यांमध्ये सगळीकडे तेच असतं, म्हणून सगळ्यांच्या कोडमध्येही तेच असतं. डॉटनेटवाल्यांनी एचटीटीपी क्लायंटला यूझिंगमध्ये गुंडाळून दर वेळी टाकून देण्याची सवय लावून घेतली होती. २०१८ मध्ये डॉटनेट कोअर २.१ सोबत क्लायंट फॅक्टरी आली त्यामागे हेही एक कारण होतं.

'एकदाच' म्हणजे एका प्रोसेसमध्ये एकदा. पायथॉनचा गुनिकॉर्नसारखा सर्व्हर अॅप आधी लोड करून मग फोर्क करत, म्हणजे त्या प्रोसेसच्या प्रती काढत, असेल आणि फोर्कच्या आधीच क्लायंटने कनेक्शन उघडलं असेल, तर तोच सॉकेट सगळ्या पोरांच्या, म्हणजे त्या प्रतींच्या, हाती येतो. दोघे त्याच तारेवर लिहितात आणि याचं उत्तर त्याला जातं. क्लायंट फोर्कनंतर, वर्कर सुरू होताना बनवा.

४. वाटून घ्यायचं काय, नाही काय

इथे जरा रेंगाळतो. बाकीच्या चुका झाल्या तर सर्व्हिस बंद पडते आणि लगेच कळतं. ही झाली तर सर्व्हिस मजेत चालते आणि एकाची माहिती दुसऱ्याला दिसते.

क्लायंट सगळ्यांचा एक असला तरी टोकन (युजरची ओळख पटवणारी खूण) ज्याचं त्याचं असतं. नवा मुलगा हमखास असं लिहितो: रिक्वेस्ट आली, सामाईक सेशनच्या हेडरमध्ये या युजरचं टोकन ठेवलं, मग कॉल केला. दोन थ्रेड एकाच वेळी आले की पहिल्याने ठेवलेलं टोकन दुसरा पुसतो आणि पहिल्याचा कॉल दुसऱ्याच्या नावाने जातो. टोकन नेहमी त्या एका कॉलसोबतच हेडर म्हणून द्या. क्लायंटवर फक्त सगळ्यांना सारख्याच असलेल्या गोष्टी ठेवा: मूळ पत्ता, यूझर-एजंट, टाइमआउट.

कुकीचंही तेच. सेशन कुकी आपोआप साठवतं. समोरच्याने एका युजरसाठी दिलेली कुकी पुढच्या युजरच्या रिक्वेस्टसोबत बिनबोभाट जाते. सर्व्हर ते सर्व्हर कामात कुकी लागत नसेल तर ती साठवणंच बंद करा. आणि रिक्वेस्ट्सचं सेशन थ्रेडमध्ये वाटायला पूर्ण सुरक्षित असल्याची हमी ती लायब्ररी देत नाही. म्हणून या लायब्ररीपुरता 'एकदाच'चा नियम मोडून मी प्रत्येक थ्रेडला आपापलं सेशन देतो, थोडा खर्च वाढला तरी.

तिसरी गोष्ट: मधेच रद्द झालेली रिक्वेस्ट. असिंक कोडमध्ये टास्क रद्द झाला, पण रिक्वेस्ट तर निघून गेली होती. आता उत्तर येईल आणि घ्यायला कोणी नसेल. ते कनेक्शन तसंच पूलमध्ये (पुन्हा वापरण्यासाठी क्लायंट उघडी कनेक्शनं सांभाळून ठेवतो तो साठा) परत गेलं तर पुढच्याला मागच्याचं उत्तर मिळतं. २० मार्च २०२३ ला चॅटजीपीटी काही काळ बंद ठेवावं लागलं, काही जणांना दुसऱ्यांच्या संभाषणांची शीर्षकं दिसत होती. मूळ दोष रेडिस या डेटा स्टोअरच्या पायथॉन लायब्ररीत असिंक कनेक्शनं हाताळण्यात होता आणि तो याच जातीचा: रद्द झालेली रिक्वेस्ट, बिघडलेलं कनेक्शन, पुढच्याच्या हाती भलतंच उत्तर. ते एचटीटीपी नव्हतं, पण पूल तो पूलच. चांगल्या एचटीटीपी लायब्ररी असं अर्धवट कनेक्शन फेकून देतात. तुम्ही फक्त स्वतःचा पूल लिहायला जाऊ नका आणि लायब्ररी अपडेट ठेवा.

५. पूलचा आकडा हिशेबाने काढा

सूत्र सोपं आहे: सेकंदाला किती रिक्वेस्ट, गुणिले एका रिक्वेस्टला किती सेकंद. हवामानाच्या सेवेची मर्यादा सेकंदाला ५० होती, एका उत्तराला सरासरी ०.४ सेकंद. ५० गुणिले ०.४ म्हणजे २० कनेक्शनं. साडेतीन हजार प्लॉट सव्वा मिनिटाच्या आत होतात. मी साडेतीन हजार उघडत होतो!

लायब्ररीचे मूळ आकडे मात्र तपासून घ्या, कारण एकाच शब्दाचा अर्थ सगळीकडे एक नाही.

- रिक्वेस्ट्समध्ये पूलची कमाल १० असते, पण ही मर्यादा नाही. अकरावं कनेक्शनही उघडतंच, फक्त परत ठेवायला जागा नसते म्हणून फेकलं जातं. लॉगमध्ये 'पूल इज फुल, डिस्कार्डिंग कनेक्शन' दिसलं तर हेच चाललंय. खरंच थांबवायचं असेल तर पूल-ब्लॉक चालू करावं लागतं.
- एचटीटीपीएक्समध्ये एकूण १००, त्यातली रिकामी सांभाळायची २०, तीही ५ सेकंदच.
- एआयओएचटीटीपीमध्ये एकूण १००, एका होस्टसाठी वेगळी मर्यादा नाही.
- गोमध्ये एकूण रिकामी १००, पण एका होस्टसाठी फक्त २. पन्नास गोरूटीन (गोमधले हलके थ्रेड) एकाच सेवेकडे गेल्या तर काम संपताच ४८ कनेक्शनं बंद होऊ शकतात. हा आकडा बदलायला बहुतेक जण विसरतात.
- जावात अपाचे क्लायंटच्या चौथ्या पिढीत एका रूटला (ढोबळमानाने एका होस्टला) २, एकूण २०.

६. पूलच्या बाहेरही गेट लावा

पूल २० चा केला आणि तरी साडेतीन हजार टास्क एकदम सोडले तर उरलेले पूलच्या दारात उभे राहतात. एचटीटीपीएक्समध्ये त्या उभं राहण्यालाही ५ सेकंदांचाच टाइमआउट आहे. आमचं दुसरं फसणं हेच. २० कनेक्शनं, प्रत्येकाला ०.४ सेकंद, म्हणजे पाच सेकंदांत अडीचशेच्या आसपास प्लॉटना पाळी आली. बाकीच्यांना पूल-टाइमआउट. लॉग वाचून आम्ही हवामानवाल्यांना शिव्या घालत होतो, आणि त्यांच्यापर्यंत रिक्वेस्ट पोहोचलीच नव्हती.

उपाय: सेमाफोर (एका वेळी ठरावीक टास्कनाच आत सोडणारं गेट) लावा, आकडा पूलइतकाच. किंवा वीस वर्कर आणि एक रांग. मला रांग जास्त आवडते, कारण साडेतीन हजार टास्क मेमरीत बसून राहत नाहीत. मात्र सेकंदाला किती ही मर्यादा सेमाफोर पाळत नाही. उत्तरं लवकर यायला लागली की तेच वीस वर्कर सेकंदाला ८० मारतील. त्यासाठी वेगळा रेट लिमिटर लागतो.

७. टाइमआउट चार असतात, चारही द्या

जोडणीचा, पाठवण्याचा, वाचण्याचा आणि पूलमध्ये थांबण्याचा. रिक्वेस्ट्समध्ये आपण दिला नाही तर टाइमआउटच नसतो. गोच्या मूळ क्लायंटमध्येही नसतो. समोरचा गप्प बसला की तुमचा थ्रेडही त्याच्यासोबत बसून राहतो. एआयओएचटीटीपीमध्ये पूर्ण कॉलला पाच मिनिटं, डॉटनेटमध्ये १०० सेकंद. पाचच्या आत मेसेज पोहोचवायचा असेल तर पाच मिनिटं म्हणजे पार झालं.

वाचण्याच्या टाइमआउटबद्दल एक गैरसमज: तो सहसा दोन तुकड्यांमधल्या शांततेचा असतो, पूर्ण उत्तराचा नाही. समोरचा दर चार सेकंदांनी एकेक बाइट सोडत राहिला तर पाच सेकंदांचा टाइमआउट कधीच लागत नाही. म्हणून पूर्ण कामाला वरून एक वेगळी मुदत लावा.

८. उत्तर शेवटपर्यंत वाचा

ट्रॉली रिकामी झाल्याशिवाय दुसरी खेप नाही. गोमध्ये बॉडी शेवटपर्यंत वाचून बंद केली नाही तर एचटीटीपी १.१ चं कनेक्शन पुन्हा वापरलं जात नाही, आणि बंदच केली नाही तर ते गळत राहतं. पायथॉनमध्ये स्ट्रीम चालू असेल तर विथ ब्लॉकमध्येच घ्या. सगळ्यात जास्त गळती एररच्या वाटेवर होते. स्टेटस ५०० (समोरच्या सर्व्हरचाच एरर) दिसला, लगेच रिटर्न केलं, बॉडी तशीच राहिली. म्हणजे समोरचा आजारी पडला की नेमकं तेव्हाच तुमचा पूल आटतो.

९. शिळं कनेक्शन

दुपारी बरं चालतं, पण मधेच कधीतरी एखादी रिक्वेस्ट 'कनेक्शन रिसेट' म्हणून पडते आणि परत करून बघितलं की चालते. असं असेल तर रिकाम्या कनेक्शनची वेळ बघा. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर रिकामं कनेक्शन मूळ सेटिंगमध्ये ७५ सेकंद ठेवतं, अॅमेझॉनचा अॅप्लिकेशन लोड बॅलन्सर ६०, नोडचा सर्व्हर ५. आणि गोचा क्लायंट ते ९० सेकंद जपून ठेवतो. समोरच्याने दार लावलं त्याच क्षणी तुम्ही आत पाय टाकता.

क्लायंटची वेळ समोरच्यापेक्षा कमी ठेवा. समोर ६० असेल तर आम्ही ५० ठेवतो. उलट बाजूने, सतत वापरात असलेलं कनेक्शन कित्येक दिवसही टिकू शकतं आणि डीएनएसमध्ये पत्ता बदलला तरी तुम्ही जुन्याच मशीनला चिकटून राहता. डॉटनेटमध्ये त्यासाठी कनेक्शनचं आयुष्य ठरवायची सेटिंग आहे. दहा-पंधरा मिनिटं ठेवली की पुरे.

१०. रीट्राय जपून

एचटीटीपीच्या रिक्वेस्टपैकी गेट, पुट, डिलीट पुन्हा पाठवता येतात. पोस्ट नाही, निदान विचार केल्याशिवाय नाही. टाइमआउट झाला म्हणजे काम झालं नाही असं नसतं. आमच्या एसएमएसच्या कॉलला टाइमआउट आला, कोडने पुन्हा पाठवला, आणि पहिलाही पोहोचलेला होता. सकाळी सात वाजता निफाडच्या एका काकांचा फोन: "अहो, दोन मेसेज आलेत, फवारणी दोनदा घ्यायची का?" त्यानंतर प्रत्येक मेसेजला प्लॉट आणि तारखेवरून बनवलेली एक कायम किल्ली लावली. तीच किल्ली पुन्हा आली तर एसएमएसवाला दुसऱ्यांदा पाठवत नाही. तुमच्या पुरवठादाराकडे अशी सोय आहे का ते आधी विचारून घ्या.

बाकी थोडक्यात: तीनपेक्षा जास्त प्रयत्न नकोत. दर प्रयत्नाला थांबण्याची वेळ दुप्पट करा आणि त्यात थोडी यादृच्छिक भर टाका, नाहीतर सगळे वर्कर एकाच ठोक्याला परत धडकतात. रीट्राय-आफ्टर ('इतक्या वेळाने परत या' सांगणारा) हेडर आला तर तो पाळा. आणि रीट्राय एकाच थरात ठेवा. तीन थरांत तीन-तीन प्रयत्न असतील तर एका क्लिकच्या २७ रिक्वेस्ट होतात.

११. बंद करणं आणि तपासणं

अॅप थांबताना आधी नवी कामं घेणं थांबवा, चालू कामं संपू द्या, मग क्लायंट बंद करा. उलट क्रम केला तर डिप्लॉयच्या वेळी अर्धी कामं पडतात. एआयओएचटीटीपी 'अनक्लोज्ड क्लायंट सेशन' म्हणून कुरकुरत असेल तर तो इशारा दाबून टाकू नका, मालक सापडलेला नाही असं समजा.

मग खोटा सर्व्हर चालू करा. आधी दोन सेकंद उशीर, मग साठ, मग अर्ध्या उत्तरांना ५००, मग उत्तराच्या मधेच कनेक्शन तोडणं. प्रत्येक वेळी टेस्टिंगच्या पन्नास नाही, खऱ्या आकड्याइतक्या रिक्वेस्ट सोडा. शेजारच्या खिडकीत दर सेकंदाला एसएस चालू ठेवून जोडलेल्या कनेक्शनचा आकडा बघा. तो पूलच्या वर जाता कामा नये, आणि काम संपल्यावर रिकाम्या वेळेच्या मुदतीत खाली यायला हवा. सात-आठवर येऊन अडकला तर पायरी ८ ला परत जा, एररच्या वाटेवर बॉडी कुठेतरी राहिलीय.